टाच खाली येते तेव्हा

अमळनेरला माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. पोलीस भरती जवळ आली की पळून पळून पाय धरलेली पोरं येतात. त्यातलाच एक, पारोळ्याकडचा. 1600 मीटरचा सराव करताना त्याची डाव्या टाचेमागची शीर, म्हणजे अकिलिस कंडरा, सुजली होती. मी चिठ्ठीवर लिहिलं : ‘पोटरीचं एक्सेंट्रिक आकुंचन, 15 वेळा, तीन फेऱ्या, सकाळ-संध्याकाळ, 12 आठवडे.’ स्वीडनचे ऑर्थोपेडिक सर्जन हाकान आल्फ्रेडसन यांनी 1998 मध्ये मांडलेला हा क्रम. करून दाखवला, पण घाईत. बाहेर गर्दी होती.

तीन आठवड्यांनी तो वडिलांसोबत आला, जास्तच लंगडत. म्हटलं, दाखव बरं. तो पायरीच्या कडेवर उभा राहिला. दुखऱ्या पायावर जोर देऊन टाच वर उचलली आणि धपकन खाली सोडली. पुन्हा तसंच.

“डॉक्टर, आकुंचन म्हणजे आवळणंच ना?”

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. मला हवं होतं ते नेमकं उलटं. वर जायचं ते चांगल्या पायाच्या जोरावर. मग सगळा भार डाव्यावर घेऊन टाच हळूहळू पायरीखाली न्यायची. त्या वेळी पोटरी जोर लावतच असते, पण भार त्या जोरापेक्षा जास्त, म्हणून ती लांबत जाते; हेच एक्सेंट्रिक आकुंचन. लांबणाऱ्या स्नायूला आकुंचन म्हणायचं, हे मला कॉलेजपासून खटकत आलंय. घोळ इंग्रजीतल्या ‘कॉन्ट्रॅक्शन’ शब्दातलाच, आपण तो उचलला. ओझं नुसतं धरून उभं राहिलं, सांधा जराही हलला नाही, तरी तेही आयसोमेट्रिक ‘आकुंचन’च! 1988 मध्ये शरीराच्या हालचालींचे अभ्यासक पीटर कॅव्हना यांनी सुचवलं होतं की हा शब्द सोडून ‘स्नायूची क्रिया’ म्हणा. मला ते पटतं. पण शब्द खटकत असूनही मी तोच त्या पोराच्या चिठ्ठीवर लिहिला, आणि त्याचे तीन आठवडे गेले.

मी पुन्हा समजावत होतो, तेवढ्यात वडील म्हणाले, “विहीरमा बादली सोडतस तशीच ना?” आणि घट्टे पडलेल्या दोन्ही मुठी पुढे करून एकामागून एक सैल-घट्ट, सैल-घट्ट करून दाखवल्या. दंडाची शीर टरारली होती, हात मात्र खाली खाली जात होते.

चिठ्ठीवरची ओळ खोडली. ‘धरत धरत सोडणं’ असं लिहिलं. पोरगा पायरीवर चढला. सहा वेळा छान जमलं. सातव्याला टाच धपकन पडली.

“सुटी गया दोर,” वडील म्हणाले.