वाढत्या अंगाची केबल

बेळगावात मापाला माप घेणं म्हणजे कद्रूपणा. शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा, पडद्याचं कापड वीतभर जास्त, बागेतला पाइप शेवटच्या कुंडीपर्यंत पोचून वर चार हात उरलेला. ‘असू दे की, लागतंय कधीतरी,’ या एका वाक्यावर आमच्या माळ्यावरची निम्मी अडगळ उभी आहे. अशा घरात बेअरबोन कॉम्प्युटर आला की पंचाईत होते. त्या डबीला ‘असू दे की’ चालत नाही.

बेअरबोन म्हणजे पेटी, आत मदरबोर्ड आणि विजेची सोय. बस्स. रॅम (कामापुरती स्मृती), माहिती साठवायची डिस्क, ऑपरेटिंग सिस्टिम ज्याची त्याने आणायची. इंटेल कंपनी ‘नक’ नावाच्या तळहातावर मावणाऱ्या अशा पेट्या काढायची. २०२३ मध्ये तिने तो संसार असूसच्या हवाली केला. मला पेटी हवी होती ती घरातले जुने फोटो, खानापूरकडच्या जमिनीचे उतारे आणि वडिलांनी जपलेली ‘तरुण भारत’ची कात्रणं स्कॅन करून ठेवायला. टेबलावर जागा नाही, म्हणून लहान. आवाज नको, म्हणूनही लहान.

सल्लागार म्हणून भाचा मिळाला. तो उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, कॉम्प्युटरच्या हुकमावर धातू कापणाऱ्या सीएनसी मशीनवर असतो. बाकीच्या बेळगावला इंच आणि वीत पुरते, उद्यमबागेला मिलिमीटरही ढोबळ वाटतो. ‘मावशी, जाडी विचारलीस काय?’ हा त्याचा पहिला प्रश्न. मी डिस्क किती टीबीची (टेराबाइटची), म्हणजे तिच्यात मावतं किती, एवढंच विचारत होते. अडीच इंची डिस्क म्हणजे सगळ्या सारख्याच, असं बाहेरून वाटतं. पण एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी डिस्क, बहुतेक ७ मिलिमीटरची, जुन्या हार्ड डिस्का ९.५ च्या, आणि चार-पाच टीबीची फिरती डिस्क घ्यायला जावं तर ती १५ मिलिमीटरची निघते. लहान पेटीतला कप्पा सहसा ७ किंवा ९.५ चा. तिथे पंधराची डिस्क गुडघा लावून दाबली तरी बसायची नाही. साडेतीन इंचीचं तर नावच नको. ती मावत नाही हा एक भाग. शिवाय अडीच इंचीचं ५ व्होल्टवर भागतं, तिला १२ व्होल्टही लागतात. म्हणून ती बाहेर, स्वतःच्या डब्यात, स्वतःच्या अडॅप्टरवर.

मग आली एम-डॉट-टू, थेट मदरबोर्डच्या खोबणीत बसणारी एसएसडी. च्युइंगगमच्या पट्टीएवढी. तिच्यावर २२८० लिहिलेलं असतं, म्हणजे रुंदी २२ आणि लांबी ८० मिलिमीटर. हे मला फार आवडलं. मालाच्या नावातच माप, विचारायला नको. पण पुढे गंमत आहे. त्याच आकाराच्या पट्ट्यांत काही साटा जातीच्या, काही एनव्हीएमई जातीच्या. डिस्कने कॉम्प्युटरशी बोलायच्या या दोन पद्धती, साटा जुनी, एनव्हीएमई नवी. साटाचा वेग सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास थांबतो, एनव्हीएमई कितीतरी पुढे जाते. साटावाल्या पट्टीला बहुधा दोन खाचा, एनव्हीएमईला बहुधा एक. खाच जुळली, पट्टी आत बसली, स्क्रूसुद्धा लागला, तरी त्या खोबणीला ती जात चालत नसेल तर कॉम्प्युटरला डिस्क दिसतच नाही. तेव्हा पेटीचं माहितीपत्रक आधी, दुकान नंतर. एका बाबतीत मात्र मी भाच्याचं ऐकलं नाही. तो म्हणाला अर्धा टीबी पुष्कळ झाला. मी दोन टीबी घेतली. फोटो ही वाढत्या अंगाचीच वस्तू आहे.

खरी कसोटी केबलींची. पेटीच्या आत मोकळी जागा अशी नसतेच. साधी साटा केबल एक मीटरपर्यंत लांब असू शकते. ती इथे कोंबली तर पंख्याच्या पात्यात जाणार. आणि कित्येक पेट्यांत डिस्कची वायर साधी नसतेच, वीज आणि माहिती एकाच बारक्या जोडणीतून नेणारी, त्या मॉडेलपुरती बनवलेली असते. ती पेटीबरोबर आली तर आली. हरवली तर अख्खा बाजार पालथा घालून उपयोग नाही. साध्या केबलीबद्दल सांगायचं तर लाल, निळी, काळी यात काही नाही. वेग वाढत गेला तरी साटाच्या मानकाने केबल वेगळी मागितली नाही. ‘ही सिक्स जीबीची आहे’, म्हणजे सेकंदाला सहा गिगाबिटची, म्हणून कुणी चार पैसे जास्त सांगितले तर हसून पुढे जावं.

बाहेरच्या केबलींसाठी मी गेले बाजारात. पेटी मॉनिटरच्या पाठीलाच स्क्रूने बसते, त्यामुळे मॉनिटरला चित्र नेणारी एचडीएमआय केबल अर्ध्या मीटरची पुरे. दुकानात होत्या दीड मीटर, तीन मीटर, पाच मीटर. ‘दीडचीच घ्या की अक्का. लांब असली तर काय बिघडतंय ओ? गुंडाळून ठेवा.’ आता चार इंचांची पेटी आणि तिच्यामागे लोंबणारं वायरीचं भेंडोळं, मग पेटी लहान घेतली कशाला! अर्ध्या मीटरची शेवटी सापडली. किंमत दीडच्या केबलीएवढीच.

यूएसबी-सीचं प्रकरण त्याहून बेरकी. दोन्ही टोकं तीच, पण मोबाइलबरोबर येणाऱ्या पुष्कळशा केबली माहिती नेताना जुन्या यूएसबी २ च्या चालीने, म्हणजे सेकंदाला फार तर ४८० मेगाबिटने चालतात. बाहेरची वेगवान डिस्क अशा केबलीवर लावली की बैलगाडीला लागते. खोक्यावर वेग वाचावा, नाव नव्हे. २००८ सालच्या यूएसबी ३.० चं पुढे ३.१ जेन १ झालं, मग ३.२ जेन १ झालं. वेग तोच, ५ गिगाबिट. १ नोव्हेंबर २०१४ पासून पाट्यांवर बेळगावी वाचत आलेल्या माणसाला याचं काही वाटत नाही.

शेवटची खरेदी वीतभराच्या यूएसबी एक्स्टेंशनची. यूएसबी ३ ची डिस्क चालू असताना तिच्या वायरीतून २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ-पट्ट्यात गोंगाट होतो. इंटेलनेच २०१२ मध्ये तसं लिहून ठेवलंय. वायरलेस माउस यूएसबीत खोचलेल्या आपल्या डोंगलशी याच पट्ट्यात बोलतो. लहान पेटीत डिस्कची आणि डोंगलची खोबण शेजारी-शेजारी, त्यामुळे डिस्कवर कॉपी सुरू झाली की पडद्यावरचा बाण अडखळायला लागतो. माउसचा डोंगल एक्स्टेंशन लावून जरा लांब नेला की भांडण मिटतं.

हे सगळं मी दुकानदाराला नीट समजावून सांगितलं. त्याने एक्स्टेंशन काढून दिलं, पैसे घेतले आणि विचारलं, ‘माउस वायरलेस आहे म्हणता न्हवं? मग त्याला वायर कशाला ओ, अक्का?’