काकू, तुम्ही नेहमी शेवटीच कशा?

हा प्रश्न मला इतक्यांनी विचारलाय की आता विचारणाऱ्याचा चेहरा बघूनच कळतं, हा येणार. आमच्या सायकल क्लबात नवीन आलेली मुलं विचारतात. शेजारच्या वहिनी गच्चीतून बघून विचारतात. पुण्याहून आलेल्या भाच्याने तर सरळच म्हटलं, "मावशी, झेपत नसेल तर सोड ना, कोणी जबरदस्ती केलीये का?" एकदा एक तरुण मुलगा चढावर माझ्यासाठी थांबला, बाटली पुढे केली आणि म्हणाला, "काकू, दमलात?" तो बिचारा दमलाय म्हणून मी गेले दोन किलोमीटर त्याच्यामागे रेंगाळत होते, हे त्याला कोण सांगणार? मी त्याचं पाणी प्यायले.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी मागे पडत नाही, मागे असते. क्लबात याला स्वीप म्हणतात. पुढे लीडर, मागे स्वीप, आणि या दोघांच्या मध्ये सगळे. स्वीपच्या मागे आपलं कोणी नाही, एवढीच अट.

आमचा क्लब तसा साधाच. इंदूरच्या राजेंद्रनगरातून सुरू झाला, म्हणून सुरुवातीला निम्मे आपले मराठी होते. आता सगळे आहेत आणि भांडणं हिंदीत होतात. शर्यत नाही, पदक नाही, टीशर्टसाठी वर्गणी दोनदा काढून दोनदा परत केली. रविवारी पहाटे निघायचं, कुठेतरी जायचं, पोहे-जिलबी खाऊन ऊन चढायच्या आत घरी. हिवाळ्यात यशवंत सागरला पक्षी बघायला जातो, नशीब असेल तर सारस दिसतात. वेळ कमी असला की सिरपूरचं तळं. ही दोन्ही तळी २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत गेली, तेव्हापासून आमच्यातले काहीजण तिथे उगाच छाती काढून उभे राहतात, जणू यांनीच खणलीत. आणि पावसाळ्यात पातालपाणीचा धबधबा.

मागे असायचं म्हणजे करायचं काय, हाही प्रश्न येतोच. बरंच असतं. माझ्या पिशवीत दोन ट्यूब, सोल्युशन, ठिगळं, टायर काढायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, छोटा पंप आणि राजगिऱ्याचे लाडू. पंक्चर झालं की नवीन माणूस घाईघाईने ट्यूब बदलतो, हवा भरतो आणि अर्ध्या किलोमीटरवर पुन्हा बसतो, कारण काटा टायरमध्येच असतो. म्हणून आधी टायरच्या आतून बोट फिरवायचं, हळू, नाहीतर बाभळीचा काटा बोटात. छिद्र सापडत नसेल तर ट्यूब फुगवून ओठाजवळून न्यायची. रस्त्यावर पाण्याची परात कुठून आणणार? ओठाला बारीकशी हवा बरोबर लागते.

लाडूचं म्हणाल तर माणसाची साखर उतरली की तो आधी बोलायचा थांबतो, मग चिडतो, मग त्याला सायकलच नको होते. चिडलेल्या माणसाला मी समजावत नाही, लाडू देते. पाच मिनिटांनी तो माफी मागतो. आणि वारा! आषाढात आमच्याकडे नैर्ऋत्येचा वारा असा येतो की महूकडे जाताना सपाट रस्त्यालाही चढ लागल्यासारखं वाटतं. तेव्हा मी शेवटच्या माणसाच्या पुढे होते, हातभर अंतर ठेवून, आणि त्याला सांगते, माझ्या मागच्या चाकाकडे बघत ये. पुढचा वारा झेलतो, मागच्याचे श्रम निम्म्यावर नाही तरी बरेच कमी होतात. तेवढा वेळ मी शेवटची नसते, पण हे बघायला तिथे कोणी नसतं.

मी भडक पिवळं जॅकेट घालते, मागून येणाऱ्या ट्रकला दिसावं म्हणून. त्यावरून मला नाव पडलंय, पिवळी गाडी. २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येणाऱ्या शहरात कचऱ्याची पिवळी गाडी म्हणजे मानाचंच नाव, असं मी धरते. पोरं त्याच्याही पुढची. मी पोचले की कोणीतरी ओरडतं, "भिया, गीला-सूखा अलग कर लो." घामाने भिजलेले एका बाजूला, पाणी संपलेले दुसऱ्या बाजूला. तोवर जिलबी संपलेली असते. ही माझी एकमेव तक्रार आहे आणि ती मी दर रविवारी करते.

पण मला हे काम सुचलं कुठून, ते वेगळंच आहे. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, मीटरगेजवर गार्ड होते. महू-खंडवा. तुकोजीराव होळकरांनी, दुसऱ्या, इंग्रज सरकारला १ कोटी रुपये कर्ज देऊन जी लाइन आणवली, तीच ही. गार्ड म्हणजे गाडीतला शेवटचा माणूस. २०२२ पासून रेल्वेने त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणायला सुरुवात केली. नाना असते तर हसले असते. लहानपणी मला फार वाईट वाटायचं. मैत्रिणीचे वडील ड्रायव्हर, ते पुढे इंजिनात, सगळे त्यांना हात करायचे. आमचे नाना सगळ्यात मागच्या डब्यात, हिरवं निशाण घेऊन.

एकदा मी हे बोलून दाखवलं. ते मला स्टेशनवर घेऊन गेले आणि म्हणाले, मास्तरकडे बघ. गाडी धडधडत समोरून गेली. मास्तरांनी इंजिनाकडे फारसं बघितलंही नाही. शेवटचा डबा गेला, त्याच्यामागची पाटी दिसली, तेव्हा ते वळून आत गेले. गाडी आली हे इंजिन सांगतं, पूर्ण आली हे शेवटचा डबा सांगतो. पाटी दिसली नाही तर डबे मागे कुठेतरी सुटलेत असं धरायचं आणि त्या रुळावर दुसरी गाडी सोडायची नाही. पातालपाणीच्या पुढे घाट लागतो, तिथे गाड्या थांबायच्या. इंग्रजांशी लढलेल्या टंट्या भिल्लाचं, म्हणजे टंट्या मामाचं देऊळ आहे ना तिथे. लोक म्हणायचे, मामाला सलाम केल्याशिवाय गाडी खाली उतरत नाही. नाना म्हणायचे, "मामालाही नमस्कार आणि ब्रेकलाही."

आता एवढं सगळं पाठ असलेल्या बाईने काय केलं ते ऐका. दोन वर्षांपूर्वीचा जुलै, पातालपाणीचीच राइड. आम्ही १७ जण. राऊच्या चौकात पोह्यांसाठी थांबलो. मी पोचले, डोकी मोजली, १७. लीडरला अंगठा दाखवला, तो निघाला. महूच्या अलीकडे फोन वाजला. आमच्यातला सोळा वर्षांचा मुलगा विचारत होता, "काकू, सगळे कुठे गेलात?"

झालं होतं असं. तो राऊच्या अलीकडे लघवीला म्हणून रस्ता सोडून झाडीमागे गेला आणि सायकलही बरोबर घेऊन गेला. मी त्याच्यावरून तशीच पुढे आले. आणि पोह्यांच्या गाडीवर सतरावा कोण होता? महूचे एक गृहस्थ, हेल्मेट घातलेले, रोजच्यासारखे एकटे पोहे खात उभे. मी त्यांना मोजलं. ते बिचारे नंतर आमच्याबरोबर थोडं अंतर आलेही, संगत मिळाली म्हणून.

मी उलटी फिरले. त्या मुलाच्या सायकलची चेन उतरून मधल्या चक्रात अडकली होती, हात कोपरापर्यंत काळे, आणि पाऊस. तो रडला नव्हता, पण रडायच्या बेतात होता. पातालपाणीला २०११ साली अचानक लोंढा येऊन माणसं वाहून गेली, ते आम्हा सगळ्यांना माहीत आहे; तिथे पोचल्यावर असं चुकीचं मोजलं असतं तर, हा विचार मी त्या दिवशी लाडू खाताना केला. लाडू मीच खाल्ला, त्याला दुसरा दिला. तो दिवस आम्ही दोघं राऊवरूनच परत आलो.

तेव्हापासून दोन गोष्टी बदलल्या. डोकी मोजत नाही, नावं पुकारतो, शाळेतल्या हजेरीसारखी. मोठी माणसंही "हजर" म्हणतात आणि लाजतात. आणि रस्ता सोडून कोणी आत गेलं तर सायकल रस्त्याच्या कडेला, दिसेल अशी, उभी ठेवायची. सायकल दिसली की मी थांबते. गळ्यात नानांची शिट्टी असते, ती वाजवते.

यंदाची बातमी म्हणाल तर आमचा मोठ्यांचा शिकवणी वर्ग चांगला चाललाय. चाळिशी-पन्नाशीच्या बायका, ज्यांच्या भावांना सायकल मिळाली आणि यांना नाही. पॅडल काढून टाकतो, सीट खाली घेतो, पाय जमिनीवर टेकतील इतकी, आणि नुसतं ढकलत घसरायचं. तोल आला की मग पॅडल. पाठीमागून सीट धरून पळायची जुनी पद्धत बंद केली. त्यात धरणाऱ्याचं कंबरडं जातं आणि शिकणाऱ्याचा विश्वास. यातल्या चौघी आता रविवारी येतात. साहजिकच माझ्या पुढे लगेचच असतात, त्यामुळे मागे आताशा गप्पा बऱ्या होतात.

माझा डावा गुडघा मात्र कुरकुरतोय, तेव्हा मागे राहायला दुसरं माणूस तयार करणं आलं. विचारलं तेव्हा हात कोणाचा वर आला? त्याच मुलाचा. आता अठराचा आहे, पंक्चर माझ्यापेक्षा लवकर काढतो, नावं पाठ आहेत. फक्त पिवळं जॅकेट घालायला तयार नाही, काळं चालेल का म्हणतो. या रविवारी त्याच्याशी बोलणार आहे. शिट्टी अजून दिलेली नाही.