आमची वाटचाल : सोडा, ऊन आणि स्पिरुलिना

सांगोल्याजवळच्या आमच्या रानात बोअरचं पाणी मचूळ. तेल्या रोगानं डाळिंबाची बाग गेली, तेव्हा त्या जागी दहा बाय वीस फुटांचा पहिला हौद बांधला आणि त्यात स्पिरुलिना सोडली. हे निळं-हिरवं शेवाळ, शास्त्रज्ञ तिला जिवाणूंत धरतात. ती वाढते सोड्याच्या, म्हणजे अल्कधर्मी पाण्यात. आपल्या लोणारच्या सरोवरात आहे. आफ्रिकेत चाड सरोवराच्या काठी बाया ती खाण्यासाठी गाळून वाळूवर वाळवतात, तिला दिहे म्हणतात.

पहिला हौद मेला. मी सोड्यात काटकसर केली, पीएच (पाणी किती आम्ल, किती अल्क ते सांगणारा आकडा) नऊच्या खाली आला आणि भलतंच हिरवं शेवाळ माजलं. सगळं उपसून फेकलं. तेव्हापासून पीएच रोज सकाळी बायको स्वतः बघते. पावसाचं पाणी आत पडू नये म्हणून वर छप्पर आहे, उन्हाळ्यात शेडनेट. उघड्या तळ्यातल्या निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जातींत मायक्रोसिस्टिनसारखं विष असतं, ते यकृतावर जातं. म्हणून प्रत्येक घाण्याची तपासणी करूनच माल बाहेर पडतो. सकाळी कापडावर गाळायचं, पिळायचं, सोऱ्यातून शेवया पाडायच्या आणि साठ अंशांच्या आत वाळवायच्या. गावातल्या चार जणींचा हात कुरडयांवर बसलेला, त्यांना शिकवावं लागलं नाही.

पहिल्या पाकिटावर आम्ही ‘६० टक्के प्रथिनं’ असं ठळक छापलं होतं. खोटं नाही ते. पण माणूस दिवसाला घेतो चमचाभर. पाच ग्रॅममध्ये प्रथिनं तीन ग्रॅम, एका अंड्यात सहा. मग घ्यायची कशाला? बीटा-कॅरोटीन, लोह आणि फायकोसायनिन हे निळं रंगद्रव्य यांसाठी. पेशीभित्तीत सेल्युलोज नाही, म्हणून पचायला हलकी. काही चाचण्यांत कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) थोडं उतरलेलं दिसलं. ‘थोडं’ हा शब्द मी मुद्दाम सांगतो.

त्याच पाकिटावर बी-१२ जीवनसत्त्वही छापलं होतं. एक निवृत्त शिक्षिका, शाकाहारी, फोनवर म्हणाल्या, “दादा, तुमची पावडर सुरू केली आणि बी-१२ची इंजेक्शनं बंद केली. पायाला मुंग्या येतायत.” मी हादरलो. वाचायला बसलो तेव्हा कळलं, स्पिरुलिनातलं बहुतेक बी-१२ माणसाच्या शरीराला उपयोगी पडत नाही. रक्ततपासणीत मात्र ते खऱ्यासारखं मोजलं जाऊ शकतं. त्याच दिवशी बाईंना डॉक्टरांकडे पाठवलं आणि छापून आलेली दोन हजार पाकिटं मोडीत काढली. तेव्हा ते नुकसान फार मोठं होतं.

आता पाकिटावर समोरच लिहिलंय : बी-१२साठी ही घेऊ नका. फिनाइलकीटोन्युरिया (प्रथिनांतला एक घटक शरीराला न पेलणारा जन्मजात आजार) किंवा ऑटोइम्यून आजार (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो) असेल तर टाळा. औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. काही दुकानदारांनी या ओळींमुळे माल परत केला. पण आता आमचे तीन हौद आहेत, आणि त्या बाई अजून पाकीट नेतात. चमचाभर ताकातून घेतात, इंजेक्शनही वेळच्या वेळी घेतात.