मॅडम, किलमाँगरचं काय चुकलं?

कॉलेजात 'ब्लॅक पँथर' दाखवला की दिवे लागल्यावर हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याचा सूर 'काहीच चुकलं नाही, हो ना?' असाच असतो. तेवढ्यात पुढच्या तासाची पोरं दारात येऊन उभी राहतात आणि माझं उत्तर अर्धवट राहतं. तर तुम्ही विचारलंत म्हणून, एकदा सविस्तर सांगते.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रायन कूगलरचा हा सिनेमा २०१८ साली आला. वकांडा हा आफ्रिकेतला काल्पनिक देश. कधीच कुणाचा गुलाम न झालेला, व्हायब्रेनियम नावाच्या धातूच्या जोरावर जगाच्या कैक पावलं पुढे गेलेला, आणि बाहेरच्यांपुढे गरिबीचं सोंग घेऊन बसलेला. टीचाला तिथला नवा राजा, म्हणजेच ब्लॅक पँथर. किलमाँगर त्याचा चुलतभाऊ, पण वाढला अमेरिकेत, ओकलंडच्या वस्तीत. त्याच्या बापाला मारलं ते टीचालाच्या बापानं, म्हणजे सख्ख्या भावानं. आणि पोराला तिथंच टाकून राजेसाहेब विमानात बसून घरी परतले.

ओकलंड उगाच निवडलेलं नाही. कूगलर मूळचा तिथलाच. ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी १९६६ च्या ऑक्टोबरात काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारी ब्लॅक पँथर पार्टी काढली तीही तिथंच. सिनेमा ज्या कॉमिकवरून निघाला त्यातला ब्लॅक पँथर त्याच वर्षी काही महिने आधी आला होता. पार्टीची प्रेरणा घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, हे आमच्या वर्गात कुणाला वेगळं सांगावं लागत नाही.

आता किलमाँगर. तो पहिल्यांदा नीट दिसतो लंडनच्या एका संग्रहालयात. काचेपलीकडे आफ्रिकी वस्तू, हातात कॉफीचा कप घेतलेली तज्ज्ञ बाई, आणि हा एकेक वस्तू दाखवून विचारतोय, ही कुठली, ती कुठली. एका हत्याराबद्दल बाई चुकीचं सांगते, तो तिला दुरुस्त करतो आणि म्हणतो, मी हे घेऊन जाणार. विकाऊ नाही म्हटल्यावर विचारतो, तुमच्या पूर्वजांनी हे रीतसर पैसे मोजून आणलं होतं का? तोवर कॉफीतलं विष भिनलेलं असतं. आत शिरल्यापासून पहारेकरी त्या काळ्या माणसावर डोळा ठेवून होते, कपाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. संग्रहालय काल्पनिक आहे, पण १८९७ मध्ये इंग्रजांनी आफ्रिकेतलं बेनिन शहर लुटलं ते खरं, आणि त्या लुटीतल्या शेकडो वस्तू आजही ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत हेही खरं. या प्रसंगानंतर प्रेक्षक त्याच्या बाजूला झुकले तर नवल नाही.

असा खलनायक या सिनेमाला परवडला, कारण पडद्यावर तो एकटा काळा नाही. मारधाडीच्या सिनेमात एखादाच काळा माणूस असला की साऱ्या समाजाची अब्रू त्याच्याच डोक्यावर. इथं राजा काळा, बंडखोर काळा, सेनापती बाई काळी, लॅब चालवणारी राजकन्या काळी. त्यामुळे ते एकमेकांशी मनसोक्त भांडू शकतात. माझ्या लेखी प्रतिनिधित्व म्हणतात ते हे. कपड्यांचं कौतुकही रास्तच. राणीचा मुकुट झुलू बायकांच्या टोपीवरून घेतलाय, सरहद्दीवरच्या लोकांच्या अंगावर लेसोथोची घोंगडी आहेत, आणि वेशभूषेसाठी रूथ कार्टरना मिळालेलं ऑस्कर त्या विभागात कृष्णवर्णीय व्यक्तीला मिळालेलं पहिलंच. (डोंगरातल्या जबारी लोकांचा सरदार हनुमानाचा जयजयकार करतो. आपल्या सेन्सॉरनं तो शब्द मूक केला. हाच सरदार शाकाहारी निघतो, तेव्हा वर्गात सर्वांत मोठा हशा.)

मग चुकलं काय? राग नाही चुकला. जगभरच्या काळ्यांची परवड होत असताना वकांडा दारं लावून बसला, हा त्याचा आरोप खोडता येत नाही. टीचालाही शेवटी स्वप्नातल्या पूर्वजांना तोंडावर सांगतो की तुम्ही सगळे चुकलात. चुकला तो उपाय. गादीवर बसल्या बसल्या तो राजाला बळ देणाऱ्या वनस्पतीचा मळा जाळायला सांगतो, म्हणजे पुढे दुसरा राजाच नको. मग शस्त्रं परदेशी पाठवायची, आणि वकांडाच्या साम्राज्यावर सूर्य मावळणार नाही म्हणे. ही भाषा कुणाची, ते आपल्याला वेगळं सांगायला नको. ही विद्या तो शिकला कुठं, तेही सिनेमातच आहे. सीआयएचा माणूस सांगतो की हा आमच्याच लष्करी पथकातला. सत्ता हातबदल होत असताना परक्या देशात शिरायचं आणि सरकार खिळखिळं करायचं, हेच त्या पथकाचं काम. अंगावरचा एकेक व्रण म्हणजे त्यानं घेतलेला एकेक जीव.

माझी तक्रार इथून पुढे आहे. एवढं सांगून झाल्यावर त्याच सीआयएवाल्याला शेवटच्या लढाईत वकांडाचं विमान उडवायला बसवलंय, आणि आपण टाळ्या वाजवायच्या! किलमाँगर फार पटू लागला की त्याच्याकडून एखादं हिडीस कृत्य करून घ्यायचं, ही पटकथेची दुसरी चलाखी. स्वतःच्या प्रेयसीला तो सहज गोळी घालतो, मळ्यातल्या म्हातारीचा गळा धरतो.

यावर पोरं विचारतात, मग टीचालानं ओकलंडमध्ये इमारती घेऊन मदत केंद्र काढलं, तेवढ्यानं भागलं का? नाही भागलं. पण खऱ्या पँथरांकडे बघा. बंदुका घेऊन ते पोलिसांवर नजर ठेवत गस्त घालायचे, आणि १९६९ पासून ओकलंडच्या एका चर्चमध्ये शाळकरी पोरांना सकाळची फुकट न्याहारीही वाढायचे. पुढे त्यांनी दवाखानेही काढले. सरकारला बंदुकांइतकीच ती न्याहारी खुपत होती. एफबीआय या अमेरिकी तपास संस्थेचा प्रमुख हूव्हर, त्यानं त्या उपक्रमाचाही धसका घेतला होता. ही दोन्ही कामं एकाच संघटनेची, बहुतेकदा त्याच माणसांची. सिनेमानं ती दोन भावांत वाटून टाकली, आणि बंदूकवाल्याला मारलं.