झोन आला म्हणजे औषध सापडलं असं नसतं हो

औषधी वनस्पतींवर रिसर्च करतो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, मग नवीन अँटिबायोटिक कधी काढताय? आता काय सांगणार. अर्क काढला, कागदाच्या छोट्या डिस्कवर टाकला, जंतू वाढवलेल्या प्लेटवर झोन (डिस्कभोवती जंतू न वाढलेली गोल जागा) दिसला की नवीन पीएचडीवाले नाचायला लागतात, पण झोनचा आकार तो पदार्थ आगरमध्ये (प्लेटमधल्या जेलीत) किती पसरतो यावरही ठरतो, म्हणून खरा आकडा एमआयसीचा, म्हणजे जंतूंची वाढ थांबवायला लागणाऱ्या कमीत कमी प्रमाणाचा, आणि ती १००० मायक्रोग्रॅम प्रति मिली इतकी जास्त आली (तरी पेपर छापून येतो, ते सोडा) तर त्याला अँटिमायक्रोबियल म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही. टॅनिन (झाडांतली तुरट द्रव्यं) तर डोकंच खातात, दिसेल त्या प्रोटीनला चिकटतात आणि टेस्ट फसवतात.

मला या फील्डमध्ये धरून ठेवलं ते बर्बेरिननं. दारुहळदीच्या जातीच्या झाडांत असतं, पण एकटं असलं की स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूवर फार कमी चालतं कारण जंतूचा नोरए नावाचा पंप त्याला पेशीबाहेर फेकतो. २००० साली एक पेपर आला, त्यात दाखवलं की अशाच झाडात ५'-मेथॉक्सीहिड्नोकार्पिन पण असतं, ते स्वतः जंतू मारत नाही, फक्त हा पंप अडवतं. भारीच ना! म्हणजे आपण कॉलमवर (अर्कातले घटक वेगळे करणाऱ्या नळीत) शुद्ध करत करत दोघांना वेगळं करतो आणि मग म्हणतो अ‍ॅक्टिव्हिटी गेली कुठे. हे ग्रँट देणाऱ्यांना समजावणं अजून अवघड, त्यांना एकच मॉलिक्यूल हवा असतो.

ग्राम-निगेटिव्ह गटातल्या जंतूंचं तर विचारूच नका, त्यांचं बाहेरचं आवरण बहुतेक गोष्टी आतच येऊ देत नाही, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.