पुण्याहून मरीन ड्राइव्ह, आईच्या व्हीलचेअरसह

पुणेकराची चौपाटी म्हणजे खडकवासला. तिथे गरम भजी मिळतात, भाजलेलं कणीस मिळतं, पाणीही दिसतं. पण आईला लाटा हव्या होत्या. खुब्याच्या ऑपरेशननंतर तिचं जग सदाशिव पेठेतल्या गॅलरीपुरतं उरलंय. एके काळी पर्वतीच्या १०३ पायऱ्या न थांबता चढणारी ही बाई. जानेवारीत दादा आणि मी ठरवलं, तिला मुंबईला न्यायचं. मरीन ड्राइव्हचा साडेतीनेक किलोमीटरचा रस्ता सपाट, रुंद आणि पक्का आहे. त्यावर अडचण नाहीच. अडचण आहे ती तिथवर पोचायची, आणि या मजकुरात बहुतेक तेच आहे.

सकाळी ७:१५ची दख्खनची राणी घेतली. गाडी एक नंबर फलाटावर लागली तर पुणे स्टेशनात जिना लागत नाही. दुसरीकडे लागली तर लिफ्ट शोधण्यात वेळ जातो, म्हणून अर्धा तास आधी पोचा. डब्याचा दरवाजा अरुंद आणि पायऱ्या उंच. आईला दादाने आणि हमालाने उचलून आत नेलं आणि खुर्ची घडी करून दाराजवळच्या मोकळ्या जागेत ठेवली. हमालाचे पैसे आधीच ठरवून घ्या, चढल्यावर घासाघीस करायला तोंड राहत नाही. राणीला डायनिंग कार आहे, चीज टोस्ट जागेवर येतो. आईने तो खंडाळ्याच्या बोगद्यांत संपवला.

दादरला उतरू नका, मोह झाला तरी. तिथे पुलाचे जिने आणि गर्दी. सीएसएमटी हे शेवटचं स्टेशन, रूळ तिथेच संपतात, त्यामुळे फलाटावरून सरळ चालत, एकही पायरी न चढता बाहेर पडता येतं. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं ये-जा केली, पण कधी लक्षातच आलं नव्हतं.

टॅक्सीची गंमत ऐका. काळी-पिवळीच्या डिकीत सीएनजीची टाकी असते. आमची खुर्ची तिथे मावेना. दोन टॅक्सीवाल्यांनी मान हलवली, तिसऱ्याच्या टपावर कॅरिअर होता. दोरी नव्हती, दादाने आईची जुनी ओढणी दिली. बरोबर दोरी न्या.

मुक्काम आधी ठरवलाच होता, कारण परतीची राणी सीएसएमटीहून ५:१०ला सुटते, म्हणजे ती किंवा सूर्यास्त, दोन्ही नाही. फोनवर लॉजवाल्याने ‘लिफ्ट आहे’ म्हणून छातीठोक सांगितलं होतं. लिफ्ट होती. लिफ्टपर्यंत तीन पायऱ्याही होत्या. तेव्हा विचारायचं ते असं: रस्त्यापासून खोलीपर्यंत किती पायऱ्या? आणि संडासाचं दार किती रुंद?

दुपारी विश्रांती घेऊन साडेचारला नरीमन पॉइंटच्या टोकाला उतरलो. आधी नको, सावली नावालाच आहे. फुटपाथवर चढायला आम्ही उतरलो तिथे उतार नव्हता. टॅक्सीवाल्याने पुढची चाकं उचलली, दादाने मागून ढकललं. खाली उतरताना मात्र खुर्ची उलटी करून, मागची चाकं आधी टेकवत उतरवा, नाहीतर माणूस तोंडावर येतो. रस्ता ओलांडायचा तर सिग्नललाच.

एकदा वर चढलात की पुढे काम नाही. एका हाताने ढकलत, दुसऱ्या हाताने चहा पीत गेलो तरी चालतं. कठडा बसण्याच्या उंचीचा, त्यामुळे खुर्चीतूनही समुद्र दिसतो. खालचे चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे मात्र उभं राहिल्याशिवाय नीट दिसत नाहीत. आई म्हणाली, ‘अगं, हे कोणी असे टाकून गेलंय?’ लाटेचा जोर फोडायला टाकलेत म्हटल्यावर ती गप्प झाली, मग म्हणाली, ‘मग आवाज एवढा का येतो?’

डाव्या हाताला समुद्र, उजवीकडे गोल गच्च्यांच्या त्या जुन्या इमारती. २०१८ साली युनेस्कोने इथल्या आर्ट डेको इमारतींना जागतिक वारशात घेतलं. आईला त्यापेक्षा कुठल्या गच्चीत कपडे वाळत घातलेत यात रस होता. वारा समुद्रावरून येतो, खारट आणि चिकट. शाल ठेवा. स्वच्छतागृहं मोजकी, म्हणून निघण्यापूर्वी लॉजवर जाऊन या, वाटेत मिळेल या भरवशावर राहू नका.

सूर्यास्ताबद्दल एक गोष्ट. थंडीच्या दिवसांत सूर्य पाहायचा तर जिमखान्यांच्या समोर थांबा. घाईघाईने चौपाटीपर्यंत पोचलात, तर तो मलबार हिलच्या मागे जातो आणि तुम्ही डोंगर बघत बसता. आम्ही सहाला थांबलो. ब्रेक लावून. आईने सूर्य पूर्ण बुडेपर्यंत कोणालाच बोलू दिलं नाही, दादाला फोनही खिशात ठेवायला लावला. पावसाळ्यात भरतीच्या वेळी लाटा कठड्यावरून आत येतात, तेव्हा खुर्ची नेऊच नका.

चौपाटीवर आधी लोकमान्यांच्या पुतळ्याशी थांबावं लागलं. आईचं बालपण केसरीवाड्याच्या जवळ गेलं. १ ऑगस्ट १९२० रोजी टिळक मुंबईत वारले आणि अंत्यसंस्कार याच वाळूवर झाले, हे तिने आम्हाला सांगितलं, शाळेत तोंडी परीक्षा घेतल्यासारखं. मग नमस्कार करून म्हणाली, ‘चला, भेळ.’

भेळेची दुकानं वाळूत आहेत. मी म्हणत होते, भेळ इकडेच आणू. दादा म्हणाला, चार पावलांचं तर अंतर. चौथ्या पावलाला पुढची चाकं रुतली, खुर्ची पुढे झुकली आणि भेळ खाणाऱ्या दोन कॉलेजच्या पोरांनी पुड्या एकमेकांच्या हातात कोंबत आईला धरलं. खुर्ची उलटी फिरवून ओढली तेव्हा निघाली. तुम्ही वाळूत जाऊच नका. आईला मात्र तेवढ्यात पाय टेकायला मिळाले. चपला काढून पाच मिनिटं बसली, आम्हाला उठवू देईना.

पुण्यात आल्यावर पुढची चाकं करकरायला लागली. वाळू आणि खारी हवा, दोन्ही आत गेलेली. जुन्या टूथब्रशने घासून, ओल्या फडक्याने पुसून, कोरडं करून मशीनचं तेल सोडलं. हे परतल्या दिवशीच करा. आम्ही आठवडा लावला आणि एक चाक बदलावं लागलं.