पिल्लांच्या टँकमधले पांढरे ठिपके आणि त्यांवरचा सावकाश उपचार

पिल्ले असलेल्या टँकमध्ये पांढऱ्या ठिपक्यांचा रोग शिरला की बहुतेकांचा हात सर्वांत आधी औषधाच्या बाटलीकडे जातो, आणि माझे ठाम मत असे आहे की तो तेथेच थांबायला हवा. मोठ्या माशांना जे औषध सहज मानवते ते दोन आठवड्यांच्या गप्पीला किंवा नुकत्याच पोहू लागलेल्या एंजलच्या पिल्लाला मानवेलच असे नाही. अगदी लहान पिल्ले कल्ले पुरते तयार होईपर्यंत त्वचेतूनही श्वसन करत असतात, त्यामुळे पाण्यात जे काही मिसळाल त्याचा परिणाम त्यांच्या सगळ्या शरीरावर एकदम होतो. ऊब, मीठ आणि रोजच्या रोज तळाची सफाई हा उपचार हळू चालतो, पण पिल्लांच्या बाबतीत माझा भरवसा त्याच्यावरच आहे.

हा हळू उपचार का चालतो हे कळण्यासाठी रोगाचे चक्र समजून घेणे आवश्यक आहे. ठिपके घडवणारा जीव एकपेशीय परजीवी आहे. १८७६ मध्ये फूके या फ्रेंच संशोधकाने त्याला 'इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस' असे नाव दिले आणि मासे पाळणारे त्याला नुसते 'इच' म्हणतात. आपल्याला दिसणारा ठिपका म्हणजे माशाच्या त्वचेच्या वरच्या थराखाली बसून पोसला जाणारा परजीवी असतो आणि तेथे तो सुरक्षित असतो. ना मीठ त्याच्यापर्यंत पोहोचते, ना पाण्यात टाकलेले औषध. पूर्ण वाढ झाल्यावर तो बाहेर पडतो, तळाला, काचेला किंवा वनस्पतीला चिकटतो, स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतो आणि आत विभागत जाऊन शेकडो, कधी हजारापर्यंत नवे जीव निर्माण करतो. हे नवे जीव पाण्यात मोकळे पोहत मासा शोधतात आणि साधारण दोन दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. मीठ आणि औषध या पोहणाऱ्या अवस्थेवरच काम करतात. त्यामुळे पहिल्या दिवशी मीठ टाकूनही दुसऱ्या दिवशी ठिपके वाढलेले दिसले तर उपाय चुकला असे समजू नये. ते ठिपके आधीच त्वचेखाली शिरलेल्या परजीवींचे असतात.

मात्र ठिपका इचचाच आहे याची खात्री आधी करावी. मोठ्या माशावर मिठाच्या कणाएवढा दिसणारा ठिपका सात-आठ मिलिमीटर लांबीच्या पिल्लावर फार मोठी जखम असते, आणि पुष्कळदा परजीवी फक्त कल्ल्यांत असल्यामुळे अंगावर एकही ठिपका दिसत नाही. अशा वेळी वागणुकीकडे पाहावे लागते: पिल्ले पर मिटून घेतात, जागच्या जागी थरथरतात, पानांवर अंग घासतात, पृष्ठभागाजवळ किंवा फिल्टरच्या बुडबुड्यांपाशी गोळा होतात. खोलीतला दिवा मालवून बाजूने टॉर्चचा प्रकाश टाकावा. वेगवेगळे, मोजता येण्याजोगे पांढरे कण दिसले तर इच समजावा. अंगावर सोनेरी किंवा मातकट भुकटी शिंपडल्यासारखी दिसली तर तो व्हेल्व्हेट नावाचा दुसऱ्या परजीवीमुळे होणारा रोग असतो. व्हेल्व्हेटचा परजीवी काही अंशी प्रकाशावर जगतो, म्हणून त्याच्या उपचारात टँक कापडाने झाकून अंधार करणेही येते. आणि तोंडाभोवती किंवा पाठीवर कापसासारखा करडा-पांढरा थर असेल तर बहुधा तो कॉलम्नारिस नावाचा जिवाणूंचा रोग असतो. येथे ओळख चुकली तर जीवावर बेतते, कारण इच आटोक्यात आणणारी ऊब कॉलम्नारिसला अधिकच फोफावू देते. तसा थर दिसला तर हीटर वाढवू नये.

इच निश्चित झाला की तापमानापासून सुरुवात करावी. २५ अंश सेल्सियसच्या आसपास परजीवीचे चक्र चार ते सात दिवसांत पूर्ण होते, थंड पाण्यात त्याला कित्येक आठवडे लागतात, आणि ३० अंशांच्या पुढे त्याच्या बहुतेक वाणांची वाढ खुंटते. म्हणजे ऊब दोन कामे करते: त्वचेखाली लपलेल्या परजीवीला लवकर बाहेर काढते आणि त्याची पुढची पिढी रोखते. पिल्लांच्या टँकमध्ये मी दिवसाला दोन अंशांहून जास्त वाढ करत नाही आणि ३० अंशांवर थांबतो. गप्पी, मोली, प्लॅटी, एंजल, फायटर यांची पिल्ले हे तापमान काही दिवस सोसतात. थंड पाण्याच्या माशांच्या पिल्लांना मात्र ते देऊ नये, त्यांच्यासाठी मीठ आणि सफाई यांवरच अधिक दिवस विसंबावे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. २५ अंशांच्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांवर तो सुमारे ७.५ पर्यंत उतरतो, आणि त्याच वेळी ऊब मिळाल्यामुळे पिल्लांची गरज वाढलेली असते. ज्यांचे कल्ले आधीच परजीवीने पोखरलेले आहेत त्यांना ही तूट फार जाणवते. म्हणून हीटरचा काटा फिरवण्याआधी हवेचा एक जादा दगड टँकमध्ये सोडावा आणि बुडबुडे बारीक व संथ ठेवावेत, कारण जोराच्या प्रवाहात लहान पिल्ले थकतात.

मिठाच्या बाबतीत अंदाजाने मूठभर टाकण्याची सवय सोडून वजन करूनच टाकावे. टँकची लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करावा आणि एक हजाराने भागावे म्हणजे लिटर मिळतात. ४५ लांब, ३० रुंद आणि २५ उंच पाणी असेल तर ते पावणेचौतीस लिटर भरते, आणि त्यातून रेती-दगडांची जागा वजा करावी लागते. पहिल्या दिवशी लिटरमागे एक ग्रॅम या हिशेबाने साधे, इतर काही न मिसळलेले मीठ टँकच्याच पाण्यात पूर्ण विरघळवून दोन-तीन वेळांत विभागून घालावे. गप्पी, प्लॅटी आणि विशेषतः मोली यांच्या पिल्लांसाठी पुढच्या दोन दिवसांत हे प्रमाण लिटरमागे दोन ग्रॅमपर्यंत नेण्यास हरकत नाही. कोरिडोरस, लोच आणि टेट्रा यांची पिल्ले असतील तर एका ग्रॅमवरच थांबावे. गोगलगायी आणि नाजूक वनस्पती आधीच बाहेर काढाव्यात, पण मासे असलेल्या दुसऱ्या टँकमध्ये त्या टाकू नयेत. त्यांच्यावर चिकटलेला परजीवी त्यांच्याबरोबर तेथेही पोहोचेल. माशाशिवाय कोमट पाण्याच्या भांड्यात त्या पंधरा दिवस ठेवल्या की पुरते. मीठ बाष्पाबरोबर उडून जात नाही, म्हणून आटलेले पाणी भरताना साधे पाणी घालावे आणि काढून टाकलेल्या पाण्याऐवजी मात्र त्याच प्रमाणात मीठ घातलेले पाणी द्यावे.

सर्वांत जास्त फळ देणारे आणि लोकांकडून सर्वांत लवकर सुटणारे काम तळाच्या सफाईचे आहे. माशावरून सुटलेला परजीवी बहुतांशी तळाला जातो, त्यामुळे तो फुटण्याआधी बाहेर काढला तर पुढचे शेकडो जीव जन्मालाच येत नाहीत. पिल्लांचा टँक रेतीविना, उघड्या तळाचा असावा असे मी नेहमी सांगतो ते याच कारणासाठी. हवेच्या पंपाची बारीक नळी सायफनसारखी वापरून रोज तळाचा इंच न् इंच ओढून घ्यावा, पाणी पांढऱ्या भांड्यात उतरवावे आणि चुकून आलेली पिल्ले चमच्याने पाण्यासकट परत सोडावीत. दिवसाला वीस ते पंचवीस टक्के पाणी असे निघते. नवे पाणी क्लोरीनमुक्त आणि त्याच तापमानाचे असावे आणि ते थेंबाथेंबाने किंवा बारीक धारेने घालावे.

या सफाईचे दुसरे कारण अमोनिया आहे. मोठ्या माशांना आजारपणात दोन-तीन दिवस उपाशी ठेवता येते, पिल्लांना तसे ठेवता येत नाही. त्यांना दिवसातून तीन-चार वेळा थोडे खाणे द्यावेच लागते, आणि न खाल्लेले आर्टेमिया (पिल्लांना खाऊ म्हणून दिले जाणारे खाऱ्या पाण्यातले बारीक जीव) गोड्या पाण्यात काही तासांत मरून तळाशी सडू लागतात आणि त्यातून अमोनिया सुटतो. अमोनियाचा जो अंश माशांना खरोखर विषारी असतो तो पाण्याचा सामू आणि तापमान यांच्याबरोबर वाढतो: सामू ८ असताना २५ अंशांवर एकूण अमोनियाच्या सुमारे पाच टक्के विषारी रूपात असतो, तर ३० अंशांवर तो सात टक्क्यांच्याही पुढे जातो. म्हणजे कालपर्यंत पिल्ले जे पाणी सहन करत होती तेच पाणी हीटर वाढवल्यावर त्यांना जाळू लागते. उपचाराच्या काळात टेस्ट किटने रोज तपासणी करावी आणि अमोनिया किंवा नायट्राइट दिसताच त्याच दिवशी जास्तीचे पाणी बदलावे.

रंगीत औषधांबद्दल थोडे सांगितले पाहिजे. मॅलाकाइट ग्रीन आणि फॉर्मॅलिन यांचे मिश्रण इचवर प्रभावी आहे यात शंका नाही, परंतु फॉर्मॅलिन पाण्यातला प्राणवायू कमी करते, आणि बाटलीच्या तळाशी पांढरा साका बसला असेल तर ते अधिकच घातक झालेले असते. मॅलाकाइट ग्रीन टेट्रा आणि खवले नसलेल्या माशांना सोसत नाही. तांब्याची औषधे कोळंबी आणि गोगलगायी मारतात. मेथिलीन ब्लू या सर्वांत सौम्य आहे आणि अंड्यांवरची बुरशी रोखण्यासाठी मीही वापरतो, पण ते फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंना मारते, म्हणून चालत्या टँकमध्ये ओतू नये. ऊब आणि मीठ देऊन आठवडा झाला तरी नवे ठिपके येतच राहिले तर औषध द्यावे, ते वेगळ्या भांड्यात, लेबलवरच्या निम्म्या मात्रेने आणि फिल्टरमधला कोळसा काढून, कारण कोळसा औषध शोषून घेतो. माणसांच्या प्रतिजैविकांच्या कॅप्सूल फोडून पाण्यात टाकणे मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नये. इच हा जिवाणू नाही, त्यामुळे त्या कॅप्सूलचा त्याच्यावर काहीच परिणाम होत नाही आणि फिल्टरची मात्र हानी होऊ शकते.

ठिपके साधारण चौथ्या-पाचव्या दिवशी नाहीसे होतात आणि पुष्कळ जण तेथेच उपचार थांबवतात. त्या वेळी पिल्लांची कातडी स्वच्छ दिसत असली तरी काचेला चिकटलेली पुढची पिढी टँकमध्ये असू शकते आणि कल्ल्यांतला परजीवी तर दिसतच नाही. शेवटचा ठिपका गेल्यानंतर आणखी पूर्ण एक आठवडा ऊब, मीठ आणि सायफन तसेच चालू ठेवावे.

त्यानंतर मीठ एकदम काढू नये. रोज पंचवीस टक्के पाणी बदलून त्याजागी साधे पाणी घातले की सात दिवसांत मिठाचे प्रमाण मूळच्या सातव्या-आठव्या हिश्श्यावर येते, आणि पिल्लांना बदल जाणवतही नाही. मीठ उतरले की हीटर दिवसाला एका अंशाने खाली आणावा. जाळी, नळी आणि भांडी उन्हात कोरडी करावीत, कारण परजीवीला सुकणे सोसत नाही, आणि पिल्लांच्या टँकसाठी वापरायचे हे सामान कायमचे वेगळे ठेवावे. बरी झालेली पिल्ले या रोगाला काही प्रमाणात प्रतिकार करू लागतात, पण पुढच्या विणीच्या पिल्लांकडे तो नसतो, म्हणून त्यांच्या टँकमध्ये सोडायची नवी वनस्पतीही आधी दोन आठवडे माशांविना वेगळी ठेवावी.